विहिरीत उतरण्यापूर्वी

उन्हाळ्यात विहिरींतील गाळ उपसण्याची कामे निघतात. अशा वेळी आत उतरलेला मनुष्य गुदमरून पडतो व त्यास काढावयास गेलेला दुसराही प्राणास मुकतो. ही आपत्ती टाळता येण्यासारखी आहे.

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. वापरात नसलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजून कर्बाम्ल वायू निर्माण होतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने तळाशी साचतो. धान्याच्या पेवातही हाच वायू साठतो.

कंदील दोरीने आत सोडून पाहण्याची रीत जुनी आहे. कंदील विझल्यास मुळीच उतरू नये. परंतु तो जळत राहिला तरी विहीर निर्धोक ठरत नाही. कारण तेलाच्या इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कंदिलाने ओळखता येत नाही, व त्यास वासही नसतो. गोबर गॅसच्या टाकीत तर ज्योत नेल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून वायुमापक यंत्रानेच तपासणी करावी.

कामापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. यारी लावून काम वरूनच उरकेल काय?
२. विहीर किती दिवस बंद आहे? आत इंजिन चालविले होते काय?
३. नळीवाटे तळापर्यंत ताजी हवा सोडली आहे काय?
४. उतरणाऱ्याच्या अंगास पट्टा व दोर आणि काठावर सशक्त माणसे आहेत काय?

आतील मनुष्य पडल्यास कोणीही मागोमाग उतरू नये. दोरानेच त्यास वर ओढावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक गावी समजावून सांगावी.