बांधलेला भाव आणि उत्पादकाचा खर्च



सरकारने भाव बांधला की तो कमी बांधला, असे आपण सगळेच म्हणतो. पण एकच भाव एकाला परवडतो आणि दुसऱ्याला का परवडत नाही, हे समजायला दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

युद्धामुळे तिथे महागाई भडकली. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने हुकूम काढला, की मार्च महिन्यात ज्याने जो जास्तीत जास्त भाव घेतला, त्याच्या वर जायचे नाही. शेतमालाला सुरुवातीला बरीच सूट होती.

तांब्याचे घ्या. दारूगोळ्याला तांबे हवे, आणि भाव पौंडाला १२ सेंट बांधलेला. चांगल्या खाणीला त्यात नफा सुटे. हलक्या प्रतीच्या खाणीला मात्र तोटा. सर्वांनाच भाव वाढवून दिला तर चांगल्या खाणींना आयता पैसा मिळणार. न दिला तर हलक्या खाणी बंद पडणार. मग १९४२ मध्येच तोड निघाली. १९४१ च्या उत्पादनावरून प्रत्येक खाणीचा कोटा ठरला, आणि कोट्याच्या वर निघालेल्या तांब्याला १७ सेंट मिळू लागले. ज्या खाणीचा खर्च जास्त, तिचा कोटा कमी धरत. अर्थात, खर्च दाखवावा लागे. शिसे आणि जस्त यांनाही हीच रीत लावली.

मांसाचे मात्र बिघडले. ३० जून १९४६ ला नियंत्रणाची मुदत संपली, भाव चढले आणि गुरे भराभर बाजारात आली. नियंत्रण परत लागताच, पुढे भाव वाढेल म्हणून लोकांनी गुरे रोखून धरली. सप्टेंबरात दुकाने रिकामी पडली. शेवटी १४ ऑक्टोबरला अध्यक्ष ट्रुमन यांनी मांसावरचे नियंत्रण उठवले.

आता आपल्याकडे या. पाटाच्या पाण्यावरचा ऊस आणि लिफ्टने पाणी उचलून केलेला ऊस, लागण आणि खोडवा, यांचा खर्च सारखा कसा असेल? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात भाव ठरवताना विचारात घ्यायच्या बाबींत पहिली बाब उसाचा उत्पादन खर्च हीच आहे. पण आपल्यापैकी किती जणांकडे तो लिहिलेला आहे?

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की प्रत्येक प्लॉटची वेगळी वही घाला. नांगरट, बेणे, खत, पाणीपट्टी, वीजबिल, मजुरी, सगळे मांडा. घरच्या माणसांची मजुरीही धरा, ती फुकट नसते. नुसते "परवडत नाही" म्हणून भागत नाही. किती परवडत नाही, ते आकड्यात सांगता आले पाहिजे.