मे महिन्यात डहाणूला राहायचं तर

मे महिन्यात डहाणूला जायचं तर मुक्कामाच्या तयारीने जावं. दोन दिवसांत बोर्डी, घोलवड, महालक्ष्मी, अस्वलीचं धरण आणि बहरोटच्या गुहा असं सगळं उरकून येणारी माणसं दमून परततात, कधी कधी आजारी होऊनही. आमच्या घरात हे घडलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या वर्षी आम्ही सगळे गाडीने गेलो होतो. पारशांचं संजाण गाव शत्रूच्या हाती पडल्यावर त्यांच्या धर्मगुरूंनी इराणशाह हा पवित्र अग्नी बारडाच्या डोंगरातल्या बहरोटच्या गुहांत बारा वर्षं जपला, असं परंपरा सांगते. ती जागा बघायची काकांची फार इच्छा होती. चढ सुरू करेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. अर्ध्या वाटेवर काका गप्प झाले, मग भलतंच काहीतरी बोलू लागले. हात लावला तर अंग तापलेलं. आम्ही त्यांना झाडाखाली घेतलं, सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी त्यांच्या कपड्यांवर ओतलं, ओढणीने वारा घालत खाली आणलं आणि दवाखाना गाठला. काका बरे झाले. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. किनाऱ्यावर पारा पस्तिशीच्या आसपासच दिसतो, त्यामुळे माणूस गाफील राहतो. पण हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. बोलणं असंबद्ध झालं की विश्रांतीने बरं वाटेल म्हणून थांबू नये. अंग ओलं करावं, वारा घालावा आणि १०८ला फोन लावावा. माणूस पुरता शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

त्यानंतर आम्ही डहाणूला जात राहिलो, पण गावाच्या वेळापत्रकाने. पहाटे उठायचं, नऊच्या आत बाहेरची कामं आटपायची, जेवून सावलीत पडायचं, चार वाजेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. इटली-स्पेनमधल्या भूमध्य समुद्राकाठच्या गावांतही उन्हाळ्याच्या दुपारी दुकानं बंद असतात आणि लोक त्याला आळस म्हणत नाहीत. आपल्याकडे सुट्टीची दुपार रिकामी गेली की पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. ते वाटणं घरी ठेवूनच निघावं. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, सुरूच्या झाडांखाली बसवेल इतकं ऊन उतरतं, आणि तिथून पुढची संध्याकाळ आपली असते.

किनाऱ्यावर जाण्याआधी मात्र तिथी विचारावी. नरपड, चिखले, बोर्डी, तलासरी तालुक्यातलं झाई, हा सगळा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र कुठे गेला असं वाटावं. भरतीला तेच अंतर ते बघता बघता भरून काढतं. ओल्या वाळूवर उतरवलेली गाडी रुतलेली मी पाहिली आहे. चाकांना पाणी लागल्यावर गावातली पोरं दोर घेऊन धावली, तेव्हा कुठे ती निघाली. झाईला मासळी निवडत बसलेल्या एका मावशींना मी एकदा विचारलं, "मावशी, भरती किती वाजता?" त्यांनी मान वरही केली नाही. "आज अष्टमी ना? सहा-सातला भरंल." मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजाने कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास, आणि तेव्हा पाणी सगळ्यांत जोरात चढतं, त्याला उधाण म्हणतात. डहाणूकडे या हिशेबाहून थोडा उशीर धरावा. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मुलांना हा हिशेब शिकवा. पाण्यात उतरण्याआधी मात्र त्या दिवशीची वेळ कोळीवाड्यात विचारून घ्या.

राहण्यासाठी समुद्राला चिकटलेल्या जागेपेक्षा चिकूच्या वाडीतलं घर घ्यावं, असा माझा आग्रह आहे. घोलवड-बोर्डीकडच्या पारशी, इराणी बागायतदारांपैकी काहींनी वाडीतच पाहुण्यांची सोय केली आहे. इथल्या चिकूला २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीत राहिलात तर सकाळची तोडणी बघा. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली बेडणी असते. तोडणारा फळ जाळीत धरून हलका हिसका देतो. देठातून पांढरा चीक येतो, तो हाताला चिकटतो. मग फळं धुऊन, पुसून आकारमानाप्रमाणे वेगळी होतात. झाडावरचं फळ लगेच खाता येत नाही, पिकायला चार-पाच दिवस लागतात. एका रात्रीसाठी आलेला पाहुणा त्यामुळे चिकू विकत घेऊन जातो. मुक्कामाला राहिलेला पाहुणा पहिल्या दिवशी बघितलेलं फळ स्वतःच्या ताटात खातो.

जागा ठरवताना दोन गोष्टी फोनवरच विचारा: पाणी कुठून येतं, आणि रात्री लाऊडस्पीकर लागतो का. एका ठिकाणी आम्हाला फार मनस्ताप झाला. मध्यरात्रीपर्यंत गाणी आणि पोहण्याच्या तलावासाठी टँकरवर टँकर. त्याच दिवसांत तलासरी आणि डहाणूच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणत असतात. आपण पाहुणे आहोत. बादलीत आंघोळ करून आपलं काही अडत नाही.

मासळी खायची असेल तर मेअखेरपर्यंतच जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. बाजारात बोंबील, मांदेली, कोलंबी, दाढा जे ताजं असेल ते घ्या. तळहातात मावणारं पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. २०२३ साली रुपेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केलं ते जपण्यासाठीच. पिल्लांना गिऱ्हाईक मिळत राहिलं तर जाळ्यात पिल्लंच येत राहतील.

मुक्कामातली एखादी सकाळ तरी समुद्राकडे पाठ करून घालवा. कोसबाडच्या टेकडीवर जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. अंगणवाडीचं मूळ या भागात आहे. त्याच १९४५ च्या मे महिन्यात, तलासरीजवळच्या झरी गावात वारली हजारोंनी जमले आणि वेठबिगार करणार नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिगत लिहिली आहे. जाण्याआधी ते वाचा. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेली वारली चित्रं विकत घेताना किंमत पाडून मागायची नाही, एवढं त्या वाचनानंतर कुणी सांगावं लागत नाही.

मुंबईच्या इतक्या जवळ, चर्चगेटपासून १२४ किलोमीटरवर, एवढी झाडं कशी राहिली? २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला आणि उद्योगांवर मर्यादा आल्या. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. आता याच किनाऱ्यावर वाढवण बंदर होऊ घातलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचं भूमिपूजन झालं. इथले मच्छीमार आणि बागायतदार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं उभे आहेत. चार दिवसांचा पाहुणा म्हणून या वादात बोलायचा हक्क आपल्याला नाही, असं मी पूर्वी ऐकून घ्यायची. आता ऐकून घेत नाही. ज्यांच्या वाडीत आपण दुपारभर झोपलो आणि ज्यांची मासळी खाल्ली, त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेणं आणि आपल्या शहरात चार जणांना सांगणं हे मुक्कामाचंच देणं आहे. म्हणून लोकलने जा, एका जागी राहा, आणि ज्या घरी उतराल त्या घरच्या माणसांशी बोलायला रोजची एक संध्याकाळ राखून ठेवा.