पाकिटातली दुसरी पुडी

विदर्भाच्या कपाशीने दोन दशकांत बरेच शिकवले. त्यातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: बीटीचा, म्हणजे कपाशीत घातलेल्या अळीमारक जनुकाचा, गुण एकट्याच्या वावरात टिकत नाही, तो सगळ्या शिवाराने मिळून राखावा लागतो. 2002 साली परवानगी मिळाली तेव्हा 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साध्या सरकीची पुडी येई. ती कडेने लावायची. तिच्यावर पोसलेले पतंग बीटीवर तगलेल्या मोजक्या पतंगांशी जुळले, की पुढची अळी पुन्हा बीटीने मरेल, हा हिशेब. बहुतेक वावरांत ती पुडी मातीत गेलीच नाही. त्यातच आपल्याकडे बीटी आले ते मुख्यतः लांब मुदतीच्या संकरित वाणांतून. ओलिताची सोय असलेल्यांनी डिसेंबरनंतरही तेच पीक राखून फरदड घेतली आणि मुख्यतः कपाशीवरच जगणाऱ्या गुलाबी बोंडअळीचा मुक्काम लांबला. हिरवी बोंडअळी बीटीने बरीच रोखली, हे मान्यच. पण 2006 मध्ये आलेले दोन जनुकांचे बीटीही गुलाबी अळीने पचवले. 2017 मध्ये बोंडे आतून किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. फवारणी कमी व्हावी म्हणूनच तर हे बियाणे घेतले होते!

दोन एकरवाल्याने अळीसाठी तासे सोडायची कशी, असे कुणी विचारले तर मी त्याला दोष देणार नाही. गुण विकून पैसा एकाने मिळवायचा आणि तो राखण्याचा भार सर्वांत लहान माणसावर टाकायचा, हा अन्यायच आहे. तोच भार पुन्हा लहान माणसावर पडेल, म्हणूनच तणनाशक सहन करणाऱ्या, परवानगी नसलेल्या कपाशीबद्दल मी सावध करतो. 2019 मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने ती उघडपणे लावली. निंदणाला मजूर मिळत नाहीत, ही त्यामागची अडचण खरी आहे. पण त्याच निंदणावर भूमिहीन बायांचे घर चालते, उडालेल्या तणनाशकाने शेजारची तूर जळते, आणि एकाच औषधाला तणही अळीसारखेच सरावते. बिलाविना घेतलेले पाकीट उगवले नाही, तर तक्रार कुठे करणार?

म्हणून पक्के बिल घ्या आणि कमी मुदतीचे वाण निवडा. कामगंध सापळे सगळ्या गावाने मिळून लावा. डिसेंबरअखेर कपाशी उपटा, आणि पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत झोपून राहते.