आधी वाफसा, मग वजन, मग साखळी

छोटा ट्रॅक्टर घेतलास ते बरं केलंस, राजा. पाच-सहा एकरांच्या वावराला, धुऱ्याच्या कडेकडेनं फिरायला आणि पिकाच्या दोन तासांमधून जायला तोच बरा. पण तू पहिल्याच फोनवर विचारलंस की मागच्या चाकांना साखळ्या कुठल्या घ्यायच्या. साखळीचं सगळं सांगतो, पण ती शेवटी येते. तिच्याआधीची कामं सोडून जो साखळीकडं धावतो त्याचे पैसेही जातात आणि ट्रॅक्टरही फसलेलाच राहतो.

आपली काळी माती बेसॉल्टचा खडक झिजून झालेली. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. फुगलेल्या मातीला चाकाचा जोर सोसत नाही. टायरच्या उंच पट्ट्यांमधल्या खाचा चिखलानं भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. म्हणून आपल्या आबांचा पहिला कानमंत्र बैलांच्या काळातला असला तरी तुझ्या ट्रॅक्टरलाही लागू आहे: वाफसा आल्याशिवाय वावरात पाय टाकायचा नाही. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबायची, गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटून मोकळा झाला तर वाफसा. चपटा होऊन पडून राहिला तर घरी जायचं. वरचा थर वाळलेला दिसतो म्हणून फसू नकोस, खालची माती पाहा. ओल्यात चाक फिरवलं की खाली माती दाबून घट्ट होते, आणि पुढं कपाशीची मुळं तिथं अडतात. ट्रॅक्टर बाहेर निघाला तरी हे नुकसान वावरात राहतं.

दुसरं पाहायचं ते तुझं वावर कुठं आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग केलेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. घाटाखाली माती खोल आणि भारी. त्यातही पूर्णाकाठचा खारपाणपट्टा असा की पाणी मुरता मुरत नाही, चार दिवस ऊन पडलं तरी खाली रेंदा राहतो. घाटावर पुष्कळ ठिकाणी हलकी, मुरमाड, उताराची जमीन. तुझं एक वावर मोताळ्याकडं आणि दुसरं राजूर घाट चढून वर, म्हणजे तुला दोन्ही प्रकार सांभाळायचेत. साखळी कुठं चालते आणि कुठं नाही, ते यावरच ठरतं.

भारी मातीत पट्ट्यांच्या खाचा भरतात तशाच साखळीच्या कड्याही भरतात. पाच-दहा फेरे झाले की चाकावर मातीचा जाड रोट चढतो आणि आत साखळी आहे की नाही तेही कळत नाही. त्यामुळं घाटाखाली खोल चिखलात साखळीचा उपयोग थोडाच. जिथं वर दोन-तीन बोटं निसरडा चिखल आणि खाली मुरूम किंवा दगड असतो, तिथं ती खरी कामाची. म्हणजे पावसाळ्यातली पांदण, नाल्याचा उतार, घाटावरचं ओलं गवताचं बरड. कड्या वरचा थर कापून खालचा कडक भाग धरतात. हे डोक्यात पक्कं ठेव. दुकानदार विचारणार नाही की तुला कुठं चालवायचंय.

आता वजन. १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर एक टनही भरत नाही. ५० अश्वशक्तीचा दोन टनांच्या आसपास जातो. चाक जमिनीला दाबणारं वजनच नसेल तर इंजिनाची ताकद जमिनीपर्यंत पोचणार कशी? मागच्या टायरमध्ये पाणी भरणं हा सर्वांत स्वस्त उपाय, एका लिटरला एक किलो. चाक जॅकवर उचलायचं, व्हॉल्व्ह वरच्या टोकाला आणायचा, हवा सोडायची आणि त्या उंचीपर्यंतच पाणी भरायचं. साधारण तीन-चतुर्थांश टायर भरतो. बाकी जागेत हवा. गच्च भरलास तर टायरची लवचीकता जाते आणि दगडावर धक्का सरळ धुऱ्याला बसतो, इथं धुरा म्हणजे ॲक्सल. बोअरचं खारं पाणी टाकू नकोस. गळती झाली की रिम आणि व्हॉल्व्ह खातं. थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात, आपल्याकडं त्याची गरज नाही. पुढं कधीही हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच ठेव, नाहीतर मीटरमध्ये पाणी जाईल.

मागं वजन वाढलं आणि त्यात रोटावेटर उचलला की पुढची चाकं हलकी होतात. एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. तेवढा नसला तर स्टेअरिंग ऐकत नाही. तेव्हा पुढच्या बंपरवरची वजनं काढून ठेवू नकोस.

हवा कमी केली की टायर जास्त पसरतो आणि जास्त माती धरतो. शेतात साधारण १२ ते १५ पीएसआय, ट्रॉली घेऊन रस्त्यावर जाताना त्याहून जास्त. तुझ्या टायरचा नेमका आकडा ट्रॅक्टरसोबतच्या पुस्तकात आहे, तोच धर. फार कमी केलीस तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटला जातो.

एवढं झालं की चाक किती घसरतं ते मोज, अंदाजावर राहू नकोस. टायरवर खडूनं खूण कर. अवजार उचलून वावरात चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चाल आणि सुरुवातीला व शेवटी खुंटी ठोक. मग तेवढ्याच अंतरात अवजार जमिनीत घालून चाल आणि फेरे मोज. अकरा ते साडेअकरा भरले तर ठीक. थोडी घसरण हवीच, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत. बारा-तेरा भरले तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत चाललेत. मग वजन वाढव किंवा अवजाराची खोली कमी कर. ही मोजणी कुणी फारशी करत नाही, पण माझ्या मते छोट्या ट्रॅक्टरवाल्यानं शिकण्यासारखी हीच पहिली गोष्ट.

डिफरन्शियल लॉकचं पेडल चाक घसरायला लागल्यावर दाबू नकोस. चिखल समोर दिसला की थांबून दाब, सरळ चालव, बाहेर निघालास की सोड. लॉक लागलेला असताना वळवलंस तर आतले दाते तुटतील.

आता साखळी. १९०४ साली अमेरिकेत हॅरी वीड यांनी टायरच्या साखळीचं पेटंट घेतलं. चिखलातून, बर्फातून जाणारे मोटारवाले चाकांना दोर गुंडाळायचे, त्यावरून त्यांना ती सुचली असं सांगतात. आपल्याकडं अजूनही कुणी अडला की चाकाला नाडा गुंडाळतोच. मूळ कल्पना तीच. साखळी बर्फाच्या मुलखाची असल्यानं आपल्या बाजारात ती विचारून, मागवून घ्यावी लागते.

माप अश्वशक्तीवरून सांगू नकोस. टायरच्या बाजूवर छापलेलं वाच, जसं ८.००-१८, म्हणजे रुंदी आठ इंच आणि रिम अठरा इंच. जुना ट्रॅक्टर असेल तर आधीच्या मालकानं टायर बदललेला असू शकतो, म्हणून दोन्ही चाकांवरचं वाच. मग नमुना बघ. शिडीसारख्या आडव्या कड्यांची साखळी सर्वांत स्वस्त, आणि तीच घ्यावीशी वाटते. पण शेतीच्या टायरला तिरप्या उंच पट्ट्या असतात. त्या आडव्या कड्या पट्ट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतात आणि जमिनीला लागतच नाहीत. शेतीच्या टायरला चौकटीची, जाळीसारखी विणलेली साखळी लागते, जिच्या कड्या पट्ट्यांवरून आडव्या-उभ्या जातात. कड्या जेवढ्या जवळ तेवढी पकड चांगली आणि चाल गुळगुळीत. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून विहिरीच्या साखळीची जोडून घ्यायचा विचार असेल तर सोड. साधं लोखंड दगडावर लवकर झिजतं, आणि वेल्ड केलेली कडी झटका बसला की तिथंच तुटते. तुटलेलं टोक फिरत्या चाकावरून कुणाच्याही अंगावर येतं.

विकत घेण्याआधी हात घालून जागा मोज. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये, टायर आणि खालच्या लिफ्ट आर्मच्या मध्ये. साखळी फिरताना बाहेर फेकली जाते, म्हणून तिच्या जाडीहून बरीच जास्त, निदान चार बोटं मोकळी हवीत. छोट्या ट्रॅक्टरला आतली जागाच कमी असते. ती नसेल तर चाकं उलटी बसवून दोन चाकांमधलं अंतर वाढवता येतं का ते पुस्तकात बघ. उलटवताना डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं लाव. तसं केलं तरच टायरवरचा बाण पुढच्या दिशेला राहतो. बाण उलटा झाला तर पट्ट्या चिखल बाहेर ढकलायचं सोडून आत ओढतात.

बसवायची वेळ चिखलात अडकल्यावरची नको. निघण्याआधी अंगणात, कडक सपाट जागी बसव. हँडब्रेक लाव, गिअर टाक, पुढच्या चाकांना दगड लाव. साखळी जमिनीवर पसरून प्रत्येक पीळ सोडव. एक जरी पिळलेली कडी राहिली तर ती तिथंच टायर कापते. मग चाकावर टाक, दोन्ही बाजू सारख्या लोंबू दे. आतला आकडा आधी, कारण तिथं हात पोचत नाही. नंतर बाहेरचा. आकड्यांची तोंडं टायरपासून बाहेरच्या बाजूला हवीत, आत असली तर टायरच्या भिंतीत रुततात. हातानं ओढता येईल तेवढी घट्ट कर, वीस-पंचवीस हात चालव, उतर आणि पुन्हा घट्ट कर. पहिल्या वेळी ढिली निघणारच. रबराचा ताणपट्टा मिळाला तर बाहेरून लाव. दोन्ही मागच्या चाकांना लाव, एकाला कधीच नाही. पंधरा-वीस मिनिटांनी थांबून परत बघ. चालायची गती माणसाच्या चालीएवढी ठेव. राजूर घाटाच्या डांबरी रस्त्याला लागण्याआधी काढ. डांबरावर साखळी आणि रस्ता दोघांचीही नासाडी होते, आणि उतारावर चाक घसरतं.

लोखंडी जाळीचं चाक, ज्याला केज व्हील म्हणतात, ते पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडं धानाच्या चिखलणीला लावतात. टायरच्या बाहेर जोडलेलं अर्धं चाक टायरहून जरा लहान असतं, म्हणून कडक जमिनीवर टायरच चालतो आणि रुतलं की लोखंड आधार देतं. घाटाखालच्या भारी मातीत साखळीपेक्षा हे जास्त उपयोगी. पण धानवाल्यांना चिखल करायचाच असतो, सोयाबीनला तो नको असतो. हे चाक अडकलेला ट्रॅक्टर काढायला ठेव, ओल्यात मशागत करायची सोय म्हणून लावू नकोस.

आणि अडकलास तर. आधी गिअर काढ, खाली उतर, नीट बघ. आबा बैलगाडीच्या चाकाखाली पऱ्हाट्या आणि तुराट्या टाकायचे. आजही तेच कर, सोबत सोयाबीनचं कुटार असेल तर तेही. आल्या वाटेनंच मागं काढ, पुढं रेटू नकोस. चाकाचं वजन त्या पऱ्हाट्यांवर चढेपर्यंत जोर लावायचा नाही, आणि ट्रॉली असेल तर ती आधी सोड.

चाकाला लाकडाचा ओंडका किंवा बल्ली बांधून बाहेर यायची युक्ती तू पाहिली असशील. ती करू नकोस, कोणी कितीही भरवसा दिला तरी. ओंडका चिखलात अडला की चाक फिरू शकत नाही आणि इंजिन चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतं. ट्रॅक्टर मागच्या ॲक्सलवर उलटतो आणि माणूस खाली सापडतो. दीड सेकंदात सगळं होतं, क्लचवर पाय जाईपर्यंत वेळच राहत नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं असेल तर दोर फक्त खालच्या ड्रॉबारला बांध. वरच्या टॉप लिंकला किंवा सीटखालच्या चौकटीला बांधला की तोच उलटण्याचा धोका. दोर ताणला जाताना रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नकोस, पोरांना तर धुऱ्यापलीकडं पाठव.

साखळी काढली की त्याच दिवशी पाण्यानं धू. माती कड्यांत वाळली की पुढच्या खेपेला ती सोडवता येत नाही. सुकल्यावर जुनं इंजिन ऑईल चोळ आणि खुंटीला टांगून ठेव, जमिनीवर ढीग करू नकोस, पुढच्या पावसाळ्यात पिळाचा गुंता सोडवण्यात अर्धा दिवस जाईल. टांगताना प्रत्येक आडवी कडी बोटानं चाचप. जिची जाडी अर्ध्यावर आली ती बदल, आणि दुसऱ्या चाकावरची त्याच जागेची कडीही बघ.