श्रावणातली पुडी पौषात

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागात एका निवृत्त शिक्षिकेची गच्चीवरची गुलाबबाग आहे. श्रावणात पानांवर काळे ठिपके आले. कडा झालरीसारख्या, भोवती पिवळेपणा. खालची पानं आधी गळायला लागली. गावाकडून आलेली मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पुडी बाईंनी लिटरला अडीच ग्रॅम घेऊन फवारली, आणि नवी पानं स्वच्छ निघाली.

पौषात कोवळ्या शेंड्यांवर पांढरी भुकटी दिसली, तेव्हा साहजिकच तीच पुडी बाहेर निघाली. काही उपयोग झाला नाही. कळ्या वेड्यावाकड्याच उमलल्या.

पुडी खराब नव्हती, रोग दुसरा होता. दोन्ही बुरशीच, पण स्वभाव उलटे. काळ्या ठिपक्याचं बीज रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. भुरीला, म्हणजे त्या पांढऱ्या भुकटीला, असं पाणी नकोच असतं; दिवसा कोरडी ऊब आणि रात्री दमट गारवा मिळाला की ती पसरते. मॅन्कोझेब ठिपक्याला आवरतं, भुरीवर जवळपास निकामी ठरतं. तिला पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक लागतं, लिटरला दोन ग्रॅम. मात्र पारा ३५ अंशांपुढे गेला की गंधकानेच पानं करपतात, म्हणजे इथल्या एप्रिल-मेमध्ये ते नकोच.

या शहरात नळ काही दिवसांआड येतो. ड्रम भरता भरता रात्री झाडांनाही पाइपने आंघोळ घातली जाते, आणि पावसाळ्यात ठिपक्याला हवा तो ओलावा आयता मिळतो. पाणी सकाळी द्यावं, तेही बुंध्याशी.

औषधाआधी पान उलटं करावं. मोबाइलवर फोटो पाठवून सल्ला विचारणारे हटकून वरचीच बाजू पाठवतात! खाली नारिंगी पूड असेल तर तांबेरा. बारीक जाळी आणि फिकट टिपके असतील तर कोळी. पांढरं बोटाने पुसलं जाऊन पिठासारखं लागलं तर भुरी. पेरांत कापसाचे पुंजके आणि सोबत मुंग्या असतील तर पिठ्या ढेकूण. कोळी आणि पिठ्या या किडी, त्यांच्यावर बुरशीनाशक वाया जातं.

छाटणीनंतर काठी टोकाकडून काळी पडत खाली येत असेल, तर ती शेंडेमर. हिरवा भाग लागेपर्यंत कापून टोकाला बोर्डो पेस्ट लावावी.

तरीही उमगलं नाही, तर रोगट फांदी पैठण रोडवरच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावी. कागदात गुंडाळून; प्लास्टिकच्या पिशवीत पान घामेजतं आणि वाटेतच दुसरी बुरशी धरते.