मद्यासाठी द्राक्षवेलीची जोपासना : देवनहळ्ळी परिसर

द्राक्षवेल ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील वनस्पती होय. युरोपात हिवाळा सुरू होताच तिची पाने गळतात, तयार झालेले अन्न खोडात व मुळांत साठते आणि वेल निद्रिस्त होते. वसंत ऋतूत तिचे डोळे पुन्हा फुटतात. बेंगळूरच्या उत्तरेस, नंदीच्या डोंगराजवळ असलेल्या देवनहळ्ळी तालुक्यात असा हिवाळा नसतो. हा प्रदेश सुमारे १३ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर आहे. हवा सौम्य असल्याने वेल बारमाही हिरवी राहते. तिला केव्हा थांबवावे व केव्हा जागे करावे, हे येथे बागाईतदाराची कात्री ठरविते.

बेंगळूर ब्लू

या भागातील जुने व प्रसिद्ध वाण म्हणजे ‘बेंगळूर ब्लू’. २०१३ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. अमेरिकेतून जगभर पसरलेल्या ‘इसाबेला’ या वाणाशी ते एकरूप मानले जाते. ते करपा रोगास सहसा बळी पडत नाही. केवड्यापासून मात्र त्यास जपावे लागते. वेल मांडवावर चढवून वर्षातून दोनदा छाटल्यास ती दोन पिके देते. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

या द्राक्षांच्या रसात विद्राव्य घटकांचे प्रमाण शेकडा १६ ते १८ असते व त्यांत बहुतांश साखर असते. किण्वनक्रियेत दर लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून शेकडा एक भाग मद्यार्क तयार होतो. या हिशेबाने बेंगळूर ब्लूच्या रसापासून शेकडा नऊ-दहा भागांइतकाच मद्यार्क मिळतो. शिवाय मिथाइल अँथ्रॅनिलेट या द्रव्यामुळे त्यास एक उग्र सुगंध असतो. खाण्यास व रसासाठी तो आवडीचा असला, तरी युरोपीय पद्धतीच्या मद्यात तो दोष समजला जातो. १९६७ साली स्थापन झालेल्या, हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने या वाणाचा ‘ब्लॅक चंपा’शी संकर करून मद्यास योग्य असे ‘अर्का श्याम’ वाण निर्माण केले.

दोन छाटण्या, एक पीक

शेजारच्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यात, नंदीच्या पायथ्याशी, कंवल ग्रोवर यांनी १९८८ साली फ्रेंच तज्ज्ञ जॉर्ज व्हेसेल यांच्या साह्याने मद्यनिर्मितीचा उद्योग उभारला. तेथे काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ आदी युरोपीय वाणांची लागवड झाली. अशा वाणांना छाटण्या दोन, पण पीक एकच, ही रीत योग्य ठरते. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांनाही ती परिचित आहे.

उन्हाळ्यातील पहिल्या छाटणीस खरड छाटणी म्हणतात. तीनंतर येणाऱ्या नव्या काड्यांवरील डोळ्यांत पुढील घडांचे सूक्ष्म अंकुर पहिल्या दोन महिन्यांतच निर्माण होतात. त्यासाठी पानांवर भरपूर ऊन पडावे लागते. दाट पालवीच्या सावलीतील डोळे वांझ राहतात. म्हणून जादा फुटी वेळीच काढतात. पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी, म्हणजे फळछाटणी होते. पुरेशी थंडी न मिळाल्याने डोळे मागेपुढे फुटण्याचा संभव असतो. ते एकसमयी फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचा लेप देतात.

पक्वतेचा प्रश्न

फ्रान्समध्ये द्राक्षे पिकतात तेव्हा शरद ऋतू जवळ येत असतो व हवा थंड होत जाते. नंदीच्या परिसरात फेब्रुवारी-मार्चमध्ये घड पिकत असताना हवा उलट तापत जाते. उष्णतेने साखर झपाट्याने वाढते आणि मॅलिक आम्ल श्वसनात खर्ची पडते. आम्ल फार घटल्यास मद्य बेचव होते व टिकतही नाही. पठारावरील थंड रात्री हा ऱ्हास काहीसा रोखतात. तरीही तोडणीचा दिवस साखर व आम्लता दोन्ही मोजूनच ठरवावा लागतो. विद्राव्य घटक शेकडा २२ ते २४ झाले, की पहाटेच्या गारव्यात घड उतरवितात.

वेलीवर घड किती ठेवावेत, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. पानांनी तयार केलेली साखर मर्यादित असते. घड वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. म्हणून मद्याच्या बागेत काही घड कोवळेपणीच काढून टाकतात. मणी रंगू लागल्यावर पाणीही बेताने देतात. मणी लहान राहिला, की रसाच्या मानाने सालीचा भाग वाढतो. तांबड्या मद्याचा रंग व तुरटपणा सालीतूनच येतो.

देवनहळ्ळीच्या शेतकऱ्यापुढील निवड यावरून ध्यानात येते. येथे भूजल खोल गेले आहे. २००८ साली विमानतळ सुरू झाल्यापासून जमिनीची मागणीही वाढली आहे. बेंगळूर ब्लू वर्षातून दोनदा वजनावर पैसा देते. मद्याची द्राक्षे एकदाच येतात आणि तीही कमी. सोडून दिलेल्या पिकाची भरपाई उरलेल्या पिकाच्या भावातून झाली, तरच कमी घड ठेवण्याचे हे शास्त्र शेतकऱ्यास परवडेल.