खिशातला कॅमेरा की आरशाचा कॅमेरा?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. ती आता धाराशिव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविते. नववीच्या मुलांनी आपल्या जिल्ह्याची एक छायाचित्रवही तयार करावी, असे तिच्या शाळेने ठरविले होते. वहीचे सहा भाग होते: तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर, धाराशिवची लेणी, नळदुर्गचा पाणीमहाल, सोयाबीनवरील किडी, येडशीच्या रामलिंग अभयारण्यातील पक्षी आणि तुळजापूरच्या नवरात्रातील संबळवादक. वर्गणी जमली होती, पण ती एकाच कॅमेऱ्यापुरती.

"सर, खिशात मावणारा कॅमेरा घेऊ की मोठा डीएसएलआर? दुकानदार म्हणतो, मोठाच घ्या. आमचे मुख्याध्यापक म्हणतात, लहान घ्या, मुलांना हाताळता येईल."

"दोघांचेही म्हणणे थोडा वेळ बाजूला ठेव," मी म्हणालो. "उत्तर तुझ्या यादीतच आहे. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारू. तिच्यावर उजेड किती? ती हलते का? आणि ती किती दूर आहे?"

त्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब केला, तोच येथे देत आहे. त्याला दहावीपर्यंतचे गणित पुरते.

दोन पेट्या

कॅमेरा कोणताही असो, तो म्हणजे एक काळी पेटी. पुढे भिंग, मागे प्रकाश टिपणारा संवेदक, मध्ये प्रकाश कमी-अधिक करणारे छिद्र आणि ठरलेला वेळच प्रकाश आत सोडणारे शटर. फरक आहे तो मुख्यतः आकाराचा. खिशातल्या साध्या कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे ६.२ मिमी लांब आणि ४.६ मिमी रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमध्ये तो सुमारे २३.५ मिमी लांब आणि १५.६ मिमी रुंद असतो. क्षेत्रफळे काढून पाहा. दुसरा पहिल्याच्या जवळजवळ तेरा पट भरतो.

वाटी आणि परात

आता भिंगाकडे वळू. भिंगावर एफ/२.८ किंवा एफ/३.५ असे आकडे असतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की ही एफ-संख्या मिळते. खिशातल्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ५ मिमी आणि एफ-संख्या २.८ असेल, तर छिद्राचा व्यास ५ भागिले २.८, म्हणजे सुमारे १.८ मिमी. डीएसएलआरबरोबर मिळणाऱ्या नेहमीच्या भिंगाचे नाभीय अंतर १८ मिमी आणि एफ-संख्या ३.५ धरली, तर व्यास सुमारे ५.१ मिमी. या स्थितीत दोन्ही कॅमेऱ्यांना समोरचे दृश्य जवळजवळ सारखेच रुंद दिसते. परंतु छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५.१ ला १.८ ने भागून वर्ग केला की उत्तर ८ येते. म्हणजे तेच दृश्य, तेवढाच वेळ, पण मोठ्या कॅमेऱ्यात आठपट प्रकाश!

एवढ्या प्रकाशाचे करायचे काय? अंगणात पाऊस पडत असताना एक वाटी आणि एक परात शेजारी शेजारी ठेवल्याची कल्पना करा. ठरावीक वेळात वाटीत सरासरी १०० थेंब पडत असतील, तरी दर वेळी बरोबर १०० पडणार नाहीत. कधी ९२, कधी १०९. अशा योगायोगाने होणाऱ्या मोजणीतील चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० चे वर्गमूळ १०, म्हणजे चढउतार शेकडा १०. परातीत ८०० थेंब पडले तर वर्गमूळ सुमारे २८, म्हणजे चढउतार शेकडा साडेतीनच. प्रकाशही असाच कणाकणांनी येतो. अंधाऱ्या जागी संवेदकाच्या प्रत्येक घरात मोजकेच प्रकाशकण पडतात, आणि हा चढउतार फोटोत वाळू शिंपडल्यासारखा दिसतो. भर उन्हात मात्र दोघांनाही एवढा प्रकाश मिळतो की वाटी आणि परात यांतील फरक डोळ्यांना जाणवत नाही.

मग लेण्यांतील अंधारात मोठाच कॅमेरा हवा, असे तुम्ही म्हणाल. थांबा. वाटीतही ८०० थेंब गोळा करता येतात. ती आठपट वेळ पावसात ठेवली की झाले! मोठ्या कॅमेऱ्याने १/८ सेकंद प्रकाश घेतला, तर लहानाने १ सेकंद घ्यावा. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही, म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांच्या टायमरवर लावावा. लेण्यांतील पार्श्वनाथाची मूर्ती शतकानुशतके जागची हललेली नाही. ती आणखी एक सेकंद खचित थांबेल.

संबळवादकाचे हात मात्र थांबणार नाहीत. ते स्पष्ट टिपायचे तर १/२५० सेकंदाच्या आसपास काम आटोपावे लागते. रात्रीच्या दिव्यांत तेवढ्या क्षणात जो प्रकाश मिळेल तोच आपला. तेथे तिपाई उपयोगाची नाही, परातच हवी. म्हणून पहिले सूत्र असे: स्थिर वस्तूसाठी वेळ देऊन प्रकाश मिळविता येतो, हलत्या वस्तूसाठी नाही.

लांबचा मोर

मोठा कॅमेरा घेतला की लांबचे आपोआप जवळ दिसते, हा समज फार पसरलेला आहे. समजा, येडशीला ३० मीटरवर १ मीटर उंचीचा मोर उभा आहे. दूरच्या वस्तूच्या प्रतिमेची उंची म्हणजे नाभीय अंतर गुणिले वस्तूची उंची, भागिले अंतर. डीएसएलआरबरोबरच्या भिंगाचे जास्तीत जास्त नाभीय अंतर बहुधा ५५ मिमी असते. त्याने मोराची प्रतिमा १.८ मिमी उंच पडेल, १५.६ मिमीच्या चौकटीत ती साधारण नवव्या हिश्शाएवढी. चौपट झूमच्या खिशातल्या कॅमेऱ्यात नाभीय अंतर २० मिमीपर्यंत जाते. त्याची प्रतिमा ०.६७ मिमी, पण चौकटही ४.६ मिमीचीच, म्हणजे मोर सातव्या हिश्शाएवढा. लहान कॅमेऱ्यातला मोरच फोटोत मोठा दिसला!

मोठ्या कॅमेऱ्याचे बळ वेगळ्या गोष्टीत आहे. त्याचे भिंग काढून दुसरे बसविता येते. ३०० मिमीच्या भिंगाने त्याच मोराची प्रतिमा १० मिमी होईल आणि चौकटीचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग व्यापील. पण ते भिंग वेगळे विकत घ्यावे लागते. कॅमेऱ्याची किंमत विचारताना ही दुसरी किंमतही विचारावी.

जवळची अळी

पानावरील अळीच्या बाबतीत पारडे उलटे झुकते. डीएसएलआरसोबतच्या भिंगाने सुमारे पाव मीटरच्या आतील वस्तू स्पष्ट येत नाही. खिशातले अनेक कॅमेरे पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ शकतात.

शिवाय नाभीय अंतर लहान असले की पुढचे-मागचे सारे एकाच वेळी स्पष्ट येते. वरील आकडे वापरून हिशेब केला, तर एफ/२.८ वर ५ मिमीच्या भिंगात सुमारे ८० सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंतचे सर्व स्पष्ट मिळते. १८ मिमीच्या भिंगात एफ/३.५ वर ही मर्यादा सव्वादोन मीटरच्या पुढे सुरू होते. छिद्र लहान करून, म्हणजे एफ/८ वर आणून, ती एक मीटरपर्यंत खाली आणता येते. पण मग प्रकाश कमी होतो. पुढे उभी असलेली मुले आणि मागे बोरी नदीच्या बांधातील पाणीमहाल असा फोटो लहान कॅमेरा सहज काढतो.

आरसा कशासाठी?

डीएसएलआरमध्ये भिंगामागे ४५ अंशांच्या कोनात एक आरसा असतो. तो प्रकाश वर पाठवितो. तेथील लोलक किंवा आरसे प्रतिमा सुलटी करून आपल्या डोळ्यापर्यंत आणतात. भिंगातून दिसते तेच आपण पाहतो. थोडा प्रकाश आरशातून पार होऊन खालच्या एका मापकाकडे जातो. हा मापक भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांची तुलना करतो आणि भिंग पुढे न्यावे की मागे, व किती, हे तत्काळ सांगतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश संवेदकावर पडतो. 'खटक्' असा आवाज येतो तो यामुळेच.

साधा खिशातला कॅमेरा मात्र आपण प्रयोगशाळेत करतो तसे करतो. भिंग मागे-पुढे करून प्रतिमा कोठे सर्वांत रेखीव होते हे शोधतो. तोवर पक्षी उडालेला असतो! आता हे तुलना करणारे मापक प्रत्यक्ष संवेदकातच बसविता येतात. म्हणून नवे आरसाविरहित कॅमेरे निघाले, आणि मोठ्या कंपन्यांनी आपले लक्ष तिकडे वळविले. त्यामुळे नवशिक्यांचे डीएसएलआर आज पुष्कळदा वापरलेलेच मिळतात. तसा घेताना भिंगात बुरशीचे जाळे नाही ना आणि बॅटरी टिकते ना, एवढे अवश्य पाहावे.

मेगापिक्सेलचा मोह

दुकानात पहिला आकडा सांगतात तो मेगापिक्सेलचा. सहा इंच लांब व चार इंच रुंद असा फोटो इंचाला ३०० ठिपके धरून छापला, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे साडेएकवीस लाख ठिपके पुरतात. हे दोन मेगापिक्सेलच्या किंचित वर झाले. वहीसाठी दहा मेगापिक्सेल भरपूर झाले. त्यापुढे संवेदक तेवढाच ठेवून घरे वाढविली, तर वाटीच्या आणखी लहान वाट्या होतात एवढेच.

एक स्वतःची चूक

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ३१ जानेवारी २०१८ रोजी चंद्र उगवताच खग्रास ग्रहण लागणार होते. आमच्या विभागाकडे चांगला डीएसएलआर होता. मुलांच्या हातून पडू नये म्हणून मी तो कपाटात कुलूप लावून ठेवीत असे. त्या संध्याकाळी मी परगावी अडकलो आणि किल्ली माझ्या खिशात! मुलांनी कोणाच्या तरी घरचा छोटा कॅमेरा आणला, तो कुंपणाच्या भिंतीवर वहीच्या आधाराने टेकविला आणि टायमर लावून फोटो काढला. संवेदकावरील चंद्राची प्रतिमा जेमतेम ०.२ मिमीची असेल. पण त्याचा तांबूस रंग स्वच्छ आला होता. तो फोटो आजही आमच्या प्रयोगशाळेत आहे. आठपट प्रकाश घेणाऱ्या कॅमेऱ्याने त्या रात्री एकही प्रकाशकण टिपला नाही. तेव्हापासून कपाटाची किल्ली खिळ्यावर असते.

मग कोणता घ्यावा?

शेवटी आम्ही यादी अशी मांडली:

तेरचे मंदिर: उजेड भरपूर, स्थिर. लहान पुरे.
लेणी: उजेड कमी, स्थिर. लहान व तिपाई.
पाणीमहाल: उजेड भरपूर, जागा विस्तीर्ण. लहान पुरे.
किडी: अगदी जवळ, हालचाल मंद. लहान बरा.
पक्षी: दूर, चपळ. मोठा व लांब भिंग.
संबळवादक: रात्री, चपळ. मोठा.

सहापैकी चार भागांना लहान कॅमेरा पुरत होता. मोठा घेतला असता तर लांब भिंगाला पैसे उरले नसते, म्हणजे पक्ष्यांचा भाग तसाही अडलाच असता. शाळेने खिशातला कॅमेरा, एक तिपाई आणि जादा बॅटरी घेतली. संबळवादकाचा फोटो मुलांनी दुपारच्या उन्हात काढला. पक्ष्यांची पाने त्यांनी दुर्बिणीतून पाहून हाताने चित्रे काढून भरली. हे खरे नुकसान होते आणि आम्ही ते समजून-उमजून पत्करले.

तुमच्या शाळेची यादी वेगळी असेल तर उत्तरही वेगळे येईल. रात्रीचे स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि पक्षी हेच विषय असतील, आणि छिद्र व शटर यांचा मेळ शिकावयाची तयारी असेल, तर डीएसएलआर घ्यावा. घरात चांगला मोबाइल असेल तर आधी त्यालाच हे तीन प्रश्न विचारावेत. मोबाइल अंधारात अनेक फोटो झटपट काढून एकत्र करतो. तोही वाटी जास्त वेळ पावसात ठेवण्याचाच प्रकार आहे!

करून पाहा

१. फरशीवर एक मोठा चौरस आखा आणि शेजारी त्याच्या एक-अष्टमांश क्षेत्रफळाचा लहान चौरस आखा. वरून मूठभर ज्वारी विखरा व दोन्हींतील दाणे मोजा. असे दहा वेळा करा. कोणत्या चौरसात शेकडा चढउतार अधिक येतो?

२. अंधाऱ्या खोलीत एका तांब्याचा फोटो हातात कॅमेरा धरून काढा. मग कॅमेरा टेकवून, टायमर लावून काढा. दोन्ही मोठे करून तुलना करा.

३. चंद्राचा व्यास त्याच्या अंतराच्या सुमारे एक-शतदशांश, म्हणजे १/११० आहे. ५५ मिमीच्या भिंगाने त्याची प्रतिमा किती मिलिमीटरची पडेल?